भर समुद्रात मालजहाजाची झडती कशी होते, आणि डबा का उघडत नाहीत

मराठवाड्याला समुद्र नाही. आठ जिल्ह्यांत खारं पाणी म्हणाल तर काही विहिरींचं मचूळ, तेवढंच. लोणारचं सरोवर कुणी पुढे करेल, पण तेही पलीकडे बुलढाण्यात. तरी मी जालन्यात बसून निर्यातीचे कागद करतो, आणि टीव्हीवर ‘अरबी समुद्रात जहाज अडवलं’ अशी पट्टी फिरली की दुपारपर्यंत दोन-चार फोन ठरलेले: ‘आपला डबा त्यात नाही ना?’ आमच्या धंद्यात डबा म्हणजे कंटेनर.

दुसऱ्या टोकाला माझा भाचा. परतूरचं पोरगं, तटरक्षक दलात नाविक झालं आणि जहाजावर चढून झडती घेणाऱ्या तुकडीत गेलं. तो सुट्टीवर आला की आम्ही बोलत बसतो. मी डबा भरताना पाहतो, तो तोच डबा समुद्रात बाहेरून पाहतो. आत काय आहे ते मधल्या वाटेत कुणीच पाहत नाही. हा लेख त्या गप्पांतून झाला. तटरक्षक दल, नौदल, कस्टम्सची तयारी करणारी पोरं आणि माल बाहेर धाडणारे व्यापारी, दोघांसाठी लिहितोय.

तसा हा विषय आपल्याला नवा नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदींत पैठणचा आणि तेरचा (तिथे ‘तगर’) माल गाड्यांत घालून भडोचच्या बंदरात जातो असं लिहिलंय. त्याच नोंदींत पुढे कल्याण येतं: तिथल्या व्यापाराला अडथळे आहेत, आणि एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. वाटेत अडवलेलं जहाज ही भानगड इतकी जुनी.

पायरी पहिली: पाणी कुणाचं ते ठरवा

जहाज दिसलं की पहिला प्रश्न ‘आत काय आहे’ हा नसतो. ‘आपण कुठे उभे आहोत’ हा असतो. गावाला जसं गावठाण, मग शिवार, मग गायरान, तसे समुद्राचेही पट्टे आहेत. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र. २०० मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटर, अनन्य आर्थिक क्षेत्र. हे शेवटचं अंतर छत्रपती संभाजीनगर ते मुंबई या रस्त्यापेक्षा थोडं जास्तच भरेल. भारताचा यासाठीचा कायदा १९७६ चा. जगाचा करार, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायदा करार, १९८२ चा. भारतानं त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली.

पहिल्या पट्ट्यात आपला कायदा पूर्ण चालतो, पण परदेशी जहाजाला त्रास न देता सरळ निघून जायचा हक्क आहे. नुसतं जाणाऱ्या जहाजावर गुन्हा झाला म्हणून लगेच चढू नये असं करार म्हणतो. अपवाद मोजके: गुन्ह्याची झळ किनाऱ्याला पोचली, शांतता बिघडली, कप्तानानं किंवा त्याच्या देशाच्या वकिलातीनं मदत मागितली, किंवा अमली पदार्थांचा मामला असला तर. दुसऱ्या पट्ट्यात जकात, कर, परदेशी माणसांचा प्रवेश आणि आरोग्य एवढ्यापुरती सत्ता. आपल्या १९७६ च्या कायद्यानं त्यात सुरक्षाही घातली आहे. तिसऱ्या पट्ट्यात मासे, तेल, वायू, पर्यावरण आपलं. पण तिथून जाणारं जहाज आपलं नाही.

इथे एक गाठ आहे आणि परीक्षेची पोरं हमखास तिथे अडकतात. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं ‘भारतीय सीमाशुल्क जलक्षेत्र’ आधी संलग्न क्षेत्रापर्यंतच होतं. २०१८ च्या वित्त कायद्यानं ते अनन्य आर्थिक क्षेत्राच्या टोकापर्यंत ताणलं. म्हणजे आपल्या अधिकाऱ्याच्या हातातलं पुस्तक २०० मैल म्हणतं. परदेशी जहाजाचा वकील उभा राहिला की तो १९८२ चा करार काढतो आणि २४ वर बोट ठेवतो. माझं मत विचाराल तर २४ च्या पुढे एकट्या सीमाशुल्क कायद्याच्या भरवशावर परदेशी जहाजावर चढणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर नांगर घालणं. सातबारा आपल्या नावावर आहे असं म्हणता येईल, पण तारखा मोजायची तयारी ठेवायची.

तारखा किती? केरळजवळ १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या दोन नौसैनिकांनी आपले दोन मच्छीमार गोळ्या घालून मारले. जागा किनाऱ्यापासून साधारण साडेवीस मैल, म्हणजे संलग्न क्षेत्रात. खटला कुणी चालवायचा यावरच वर्षं गेली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं सांगितलं की नौसैनिकांना सरकारी संरक्षण असल्यानं खटला भारतात चालणार नाही, इटलीनं भरपाई द्यावी. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण मिटवलं. नऊ वर्षं. आणि त्यात मेलेली माणसं आपली होती, जागा आपल्या दारातली होती.

पाठलागाचा नियम इथेच लक्षात ठेवा. जहाजानं आपल्या हद्दीत गुन्हा केला आणि पळालं, तर खुल्या समुद्रापर्यंत मागे जाता येतं. पण पाठलाग हद्दीतच सुरू झालेला हवा, थांबा म्हणून दिसेल किंवा ऐकू येईल असा इशारा दिलेला हवा आणि मधे खंड पडता कामा नये. जहाज स्वतःच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरलं की हात बांधले.

पायरी दुसरी: झेंडा खरा की रंगवलेला

खुल्या समुद्रात जहाजावर सत्ता एकाच देशाची, ज्याचा झेंडा आहे त्याची. मालक ग्रीक, कप्तान युक्रेनचा, खलाशी फिलिपिनो, माल आपला, आणि झेंडा पनामाचा. हे नेहमीचंच आहे. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटं ही जगातली सगळ्यात मोठी जहाज-नोंदणीची ठिकाणं. झेंडा म्हणजे गाडीची आरसी कुठल्या आरटीओची, एवढाच अर्थ. मालकाचं गाव त्यातून कळत नाही.

नाव आणि झेंडा रात्रीत रंगवता येतो, पण आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओ क्रमांक बदलत नाही. जहाज विकलं, नाव बदललं, देश बदलला तरी तोच. सात आकडे असतात आणि खरेखोटेपणा कागदावर दोन मिनिटांत तपासता येतो. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं ७, ६, ५, ४, ३, २ नी गुणा, बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा क्रमांकाच्या सातव्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घ्या: ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९. शेवटी ९. जुळलं. भाचा म्हणतो, खोटा क्रमांक टाकणारे पुष्कळदा एवढंही गणित करत नाहीत. अर्थात गणित जुळलं म्हणजे जहाज खरं असं नाही, भंगारात गेलेल्या जहाजाचा क्रमांकही लावतात. पण न जुळलं तर संशय पक्का.

सोबत एआयएस पाहायचं, म्हणजे जहाज स्वतः सांगतं ते ठिकाण आणि ओळख. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० टनांवरच्या जहाजाला ते चालू ठेवणं बंधनकारक आहे. त्यातल्या नऊ आकडी एमएमएसआय क्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात: भारताचे ४१९, लायबेरियाचे ६३६. एआयएस मधेच बंद होतं, किंवा पडद्यावर जहाज वाळवंटात उभं दिसतं, तेव्हा कान टवकारायचे.

‘अलोंड्रा रेनबो’चं प्रकरण याच पायरीचं. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघालेलं हे जपानी मालकीचं, पनामाच्या झेंड्याचं जहाज चाच्यांनी पळवलं. खलाशांना तराफ्यात सोडून दिलं, रंग बदलला, ‘मेगा रामा’ नाव लिहिलं, झेंडा बेलिझचा लावला. नोव्हेंबरात अरबी समुद्रात आपल्याला दिसलं. बेलिझला विचारलं, तिथून उत्तर आलं की असं जहाज आमच्याकडे नोंदलेलंच नाही. त्या एका उत्तरानं ते बिनझेंड्याचं ठरलं आणि चढायची वाट मोकळी झाली. तटरक्षक दल आणि नौदलानं मिळून ते धरलं. याचा पुढचा भाग पंचनाम्याच्या पायरीत येईल, तो इतका गोड नाही.

पायरी तिसरी: विचारून चढायचं की न विचारता

न विचारता चढायची मुभा करारानं मोजक्याच संशयांना दिली आहे: चाचेगिरी, गुलामांची वाहतूक, बेकायदा रेडिओ-टीव्ही प्रसारण, बिनझेंड्याचं जहाज, आणि झेंडा दुसऱ्याचा दाखवूनही प्रत्यक्षात आपल्याच देशाचं असलेलं जहाज. ही यादी पुन्हा वाचा. त्यात अमली पदार्थ नाहीत. शस्त्रं नाहीत. अमली पदार्थांसाठी देशांनी एकमेकांना सहकार्य करावं एवढंच लिहिलंय. म्हणजे खुल्या समुद्रात जहाजात हेरॉइन आहे अशी पक्की खबर असली तरी झेंड्याच्या देशाला विचारावं लागतं.

विचारायचं म्हणजे परराष्ट्र खात्यामार्फत. आपल्याकडे सकाळचे दहा वाजले असतात तेव्हा पनामात आदल्या रात्रीचे साडेअकरा. जहाज मात्र ताशी तीस-पस्तीस किलोमीटरनं चाललेलंच असतं. अमेरिकेनं यावर उपाय म्हणून लायबेरियासारख्या देशांशी आधीच करार करून ठेवलेत: दोन तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी धरायची. हे करार २००३ च्या, महासंहारक शस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या अमेरिकी पुढाकारातले; भारत त्या गटात सामील झालेला नाही, त्यामुळे आपल्याला दरवेळी नव्यानं दार वाजवावं लागतं.

कप्तान स्वतः ‘या’ म्हणाला तर? चढता येतं. पण त्याच्या ‘या’वर जप्ती किंवा अटक उभी राहत नाही, आणि तो मधेच ‘आता उतरा’ म्हणाला की उतरावं लागतं. म्हणून ‘या’ लिहून घ्यायचं, सही आणि वेळेसकट.

चढता आलं तरी माल घेता येईलच असं नाही. डिसेंबर २००२ मध्ये स्पॅनिश नौदलानं ‘सो सान’ नावाचं जहाज अडवलं. झेंडा नव्हता, नाव झाकलेलं, त्यामुळे चढणं कायदेशीर. सिमेंटच्या गोण्यांखाली उत्तर कोरियाची स्कड क्षेपणास्त्रं निघाली, पंधरा. आणि मग सोडून द्यावी लागली. येमेननं सांगितलं की आम्ही विकत घेतलीत, आणि ती विक्री रोखणारा कायदाच त्या दिवशी अस्तित्वात नव्हता. गोण्या परत थप्पीला.

पायरी चौथी: शिडी

कायदा जुळला तरी अजून पाण्यातच आहात. ज्यांनी समुद्र फक्त दादरला पाहिलाय त्यांना हे पटत नाही. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या वाहिनीवर कप्तानाला सांगायचं: वेग एवढा ठेवा, दिशा एवढी धरा, वारा अडेल त्या बाजूला दोराची शिडी सोडा. जहाज पूर्ण थांबवायला सांगत नाहीत, थांबलेलं जहाज जास्त डोलतं. पाण्यापासून डेकची उंची नऊ मीटरच्या वर असेल तर नुसती दोराची शिडी चालत नाही, जोडीला बाजूचा जिना द्यावा लागतो. रिकाम्या जहाजाची भिंत तर याहून कितीतरी वर जाते, कारण माल नसला की ते पाण्यातून वर उचललेलं असतं.

भाच्याला विचारलं, भीती कशाची वाटते? बंदुकीची? म्हणाला, "नाही मामा. खालच्या बोटीची. लाट आली की बोट वर येते आणि पाय शिडीच्या पायरीत सापडतो. तुम्ही विहिरीवर मोट पाहिलीय ना, तसं वर-खाली, फक्त मोटेच्या जागी आपण." पाय टाकायचा तो बोट लाटेच्या माथ्यावर असताना, म्हणजे पुढच्या क्षणी बोट खाली जाते आणि आपण वर लटकतो. अंगावर जॅकेट, शस्त्र, रेडिओ. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात हे काम बऱ्याच दिवशी होतच नाही. हेलिकॉप्टरनं उतरता येतं, पण कंटेनर लादलेल्या डेकवर उतरायला मोकळी जागा कुठे?

विरोध करणाऱ्या जहाजावर चढणं हा निराळा खेळ आहे, तो नौदलाच्या मार्कोस कमांडोंचा. मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजासाठी त्यांना विमानातून समुद्रात उतरवलं, सुमारे चाळीस तासांची मोहीम, १७ खलाशी सुटले, ३५ चाचे मुंबईत आणले. ते धाडस खरंच. पण या लेखात आपण साधी झडती धरून आहोत, जिथे कप्तान चहा विचारतो.

पायरी पाचवी: आधी कागद

चढल्यावर खलाशांना एका जागी आणायचं, यंत्रघरात आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, लागतील तेवढेच ठेवायचे, यादीशी डोकी मोजायची. मग कागद. नोंदणीचं प्रमाणपत्र, आधीची नावं-झेंडे दाखवणारा सलग इतिहास, मागची दहा बंदरं, मालाची यादी म्हणजे मॅनिफेस्ट, बीएल म्हणजे माल जहाजावर घेतल्याची पावती (बिल ऑफ लेडिंग), कुठला डबा कुठे ठेवलाय त्याचा आराखडा, धोकादायक मालाची वेगळी यादी, रोजनामा, तेलाची नोंदवही.

कागद एकमेकांशी भांडतात का ते पाहायचं. मॅनिफेस्टमध्ये आहे पण आराखड्यात नाही असा डबा. रोजनाम्यात बंदर आहे, पण तिथे चढवलेल्या पाण्याची, इंधनाची पावती नाही. भाचा म्हणतो, स्वयंपाकघरातल्या कोथिंबिरीनं त्यांना एकदा जास्त सांगितलं होतं: कप्तान म्हणतो बारा दिवस जमीन पाहिली नाही, आणि जुडी ताजी.

डब्याचा क्रमांक चार अक्षरं आणि सात आकडे, शेवटचा आकडा तपासणीचा. सील बोल्टचं, त्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवायचा. समुद्रात डब्याची झडती बहुतेक वेळा इथेच संपते.

पायरी सहावी: डबा

का संपते ते मोंढ्यातल्या हमालाला विचारा. दहा हजार पोत्यांची थप्पी लागली आहे आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात मधल्या पोत्यात काय आहे ते पाहायचंय. तो म्हणेल, ‘कामून? सगळी थप्पी फोडावी लागंल.’ जहाजावरही तेच, फक्त पोतं वीस-पंचवीस टनांचं.

आजची सगळ्यात मोठी जहाजं वीस फुटी मापानं २४,००० डबे नेतात. लांबी ४०० मीटर. डबे पोटातही आणि डेकवरही, एकावर एक, सळ्यांनी आवळलेले. दोन डब्यांच्या मधे माणूस धड वळत नाही आणि दाराला लागून पुढचा डबा उभा असतो. दार उघडणार कुठे? अशा मोठ्या जहाजांवर स्वतःची क्रेनही नसते, ती बंदरावर असते. बंदरात रोज शंभर डबे उघडले असं धरलं तरी २४,००० ला २४० दिवस.

सुट्या मालाच्या जहाजाचंही वेगळं नाही. जुलै २०१३ मध्ये पनामानं ‘चोंग चोन गँग’ हे उत्तर कोरियाचं जहाज कालव्याजवळ थांबवलं. क्यूबाहून निघालेलं, वर साखर. दोन लाखांहून जास्त पोती. खलाशांनी क्रेन आधीच बिघडवून ठेवलेल्या, म्हणून माणसं लावून पोती हातानं उतरवावी लागली. आपल्या साखर कारखान्याच्या गोदामात काम केलेल्यानंच याचा अंदाज करावा. खाली २५ कंटेनर निघाले, दोन मिग-२१ विमानं आणि क्षेपणास्त्रांची सामग्री. हे सगळं धक्क्याला लागलेल्या जहाजावर. लाटांत हे जमलं असतं का?

म्हणून आकडे नीट पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदल आणि एनसीबीनं (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) गुजरातजवळ समुद्रात सुमारे ३,३०० किलो अमली पदार्थ धरले. जहाज होतं लहान, लाकडी. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात २,९८८ किलो हेरॉइन धरलं, तेव्हा ते दोन डब्यांत शंखजिऱ्याच्या दगडांच्या नावानं आलं होतं आणि डीआरआयनं (महसूल गुप्तचर संचालनालय) ते बंदरातच काढलं. १९९९ मध्ये क्षेपणास्त्रांचे भाग नेणारं ‘कु वोल सान’ कांडल्याला साखर उतरवायला लागलं होतं, तेव्हाच सापडलं. समुद्रात सापडतं ते होडीत आणि डब्यातलं सापडतं ते धक्क्यावर. भर समुद्रात डबा उघडल्याच्या बातमीवर मी तरी आधी शंका घेतो.

मग समुद्रात मोठं जहाज अडवतातच कशाला? त्याला बंदराकडे वळवायला. खबर पक्की असेल तर झेंड्याच्या देशाची संमती घेऊन जहाज जवळच्या बंदरात आणतात, ठरलेले डबे क्रेननं काढतात, स्कॅनरखालून नेतात, मग उघडतात. खबर डब्याच्या क्रमांकासकट नसेल तर त्यातलं काहीच होत नाही.

पायरी सातवी: आत शिरण्याआधी हवा

ही पायरी लोक विसरतात आणि मरतात. आपल्याकडे जुन्या विहिरीत, आडात उतरण्याआधी कंदील सोडतात; विझला तर उतरायचं नाही. जहाजाच्या पोटात तेच. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तेवढा मापकावर दिसल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. भंगार लोखंड गंजताना बंद जागेतला ऑक्सिजन खातं. जालन्यात भंगार उघड्यावर पडलेलं असतं म्हणून आपल्याला कळत नाही. कोळसा खातो, लाकडाचे तुकडेही खातात.

धान्याच्या डब्यात आणखी एक. कीड लागू नये म्हणून टाकलेल्या गोळ्या, ज्या आपल्या घराघरांत ज्वारीच्या कोठीत ठेवतात आणि ज्यांनी आपल्या भागात किती जीव घेतलेत ते सांगायला नको. ओल लागली की त्यांतून फॉस्फीन सुटतो. धुरी दिलेल्या डब्यावर कवटीचं लेबल हवं. असतंच असं नाही, वाऱ्यापावसानं निघून जातं. दार उघडायचं ते बाजूला उभं राहून, आणि पुरेशी हवा खेळेपर्यंत, मापकावर पाहीपर्यंत, आत डोकं घालायचं नाही.

पायरी आठवी: पंचनामा

गावात पंच सापडतात. समुद्रात कुठून आणणार? जहाजावरचे सगळे एकतर संशयित नाहीतर आपलेच. कप्तानाची सही घेतात, ती तो ‘दबावाखाली दिली’ म्हणून नंतर फिरवू शकतो. म्हणून कॅमेरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रण बंधनकारकच केलंय. पहिल्या चौकटीत जीपीएसचा पडदा घ्या, अक्षांश-रेखांश वाचता येतील असा. पट्टा कुठला यावर सगळा खटला उभा असतो हे पहिल्या पायरीत पाहिलं.

घड्याळ जुळवा. जहाजाचा रोजनामा जागतिक वेळेवर असू शकतो, आपला भारतीय वेळेवर. साडेपाच तासांचा फरक. पंचनाम्यात एकच वेळ धरा आणि कुठली ते लिहा, नाहीतर बचावाचा वकील जहाज एकाच वेळी दोन ठिकाणी उभं करेल. खलाशांना त्यांच्या भाषेत काय सांगितलं, कुणी सांगितलं, तेही लिहा. अमली पदार्थ असतील तर नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे, डेकवर नाही. आणि अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या घटनेतल्या नियमात प्रवासाचा वेळ धरत नाहीत, पण तो वेळ प्रवासातच गेला हे दाखवता आलं पाहिजे. मधे कुठे आठ तास नांगर टाकून बसलात तर त्याचा हिशोब द्यावा लागतो.

आता अलोंड्रा रेनबोचा शेवट. पंधरा जणांवर मुंबईत खटला चालला, २००३ मध्ये शिक्षा झाली, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून ते सुटले. समुद्रातलं काम चोख, पण आपल्याकडे तेव्हा चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. तो २०२२ चा सागरी चाचेगिरी विरोधी कायदा म्हणून आला, आणि रुएनच्या ३५ जणांवर त्याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

नाही सापडलं तर?

करारात स्पष्ट आहे: संशय खोटा निघाला आणि जहाजानं स्वतःहून संशयाला जागा दिली नसेल, तर नुकसान भरून द्यायचं. प्रत्यक्षात? १९९३ मध्ये अमेरिकेला संशय आला की चीनचं ‘यिन हे’ इराणकडे रासायनिक शस्त्रांची सामग्री नेतंय. जहाज कित्येक दिवस समुद्रात ताटकळलं, शेवटी सौदीच्या दम्माम बंदरात डबे उघडले. काही निघालं नाही. भरपाई नाकारली. बलवान देशाला करार वेगळा वाचता येतो. आपण तसं धरून चालू नये.

जालन्यातून डबा भरणाऱ्यांसाठी

एवढं वाचल्यावर व्यापाऱ्याच्या लक्षात आलं असेल: समुद्रात तुमचा डबा कुणी उघडणार नाही, पण त्याचा कागद दहा जण वाचणार आहेत. अमेरिकेला जाणाऱ्या मालाची माहिती जहाजात चढण्याच्या २४ तास आधीच तिकडे जाते. संशय कागदावरून येतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. सीलच्या नंबरात ८ चा ३ झाला. माझ्याच हातून, रात्री अकराला, गाडी सुटायच्या घाईत. बंदरावर डबा बाजूला काढला, ते जहाज गेलं, पुढच्यात जागा मिळेपर्यंत भाडं चढत राहिलं. मालात खोट नव्हती. तेव्हापासून नंबर एक जण वाचतो, दुसरा लिहितो.

मालाचं वर्णन साधं आणि खरं लिहा. ‘शेतमाल’ म्हणून चालत नाही, ‘मका, खाद्यासाठी’ असं. वजन जुलै २०१६ पासून प्रमाणित करून द्यावं लागतं, अंदाजे आकडा टाकू नका. लातूरकडच्या डीओसीवाल्यांना (तेल काढलेली पेंड विकणाऱ्यांना) वेगळं सांगणं: पेंड स्वतःहून तापते, म्हणून ती धोकादायक मालाच्या नियमांत येते. सॉल्व्हंटनं तेल काढलेल्या सोयाबीन पेंडीला सूट आहे, तेल १.५ टक्क्यांपर्यंत आणि ओल ११ टक्क्यांपर्यंत असेल तरच, आणि सॉल्व्हंटचा अंश जवळपास राहिलेला नसावा. तपासणीचा दाखला जोडा. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं तेव्हा ६४० डबे होते, त्यातले १३ धोकादायक मालाचे. कुठल्या डब्यात काय आहे हे यादीवरूनच कळायचं असतं, शोधणाऱ्यालाही आणि वाचवणाऱ्यालाही. धुरी दिली असेल तर तारीख, औषध, लेबल, तिन्ही.

विमा घेताना विचारा. नेहमीच्या सागरी विम्यात, सगळ्यात मोठ्या ‘ए’ कलमांतसुद्धा, उशिरामुळे झालेलं नुकसान मिळत नाही, आणि जप्ती किंवा अडवणूकही वगळलेली असते. चाचेगिरी तेवढी धरलेली असते. युद्धाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. जहाज अडवल्याची बातमी आली तर आधी बीएलवरचं जहाजाचं नाव आणि फेरीचा क्रमांक पाहा. वाटेत दुसऱ्या बंदरात डबा बदलून दुसऱ्या जहाजावर गेलेला असू शकतो. मग शिपिंग लाइनला लेखी विचारा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

आणि फोटो. कारखान्यातच सील करत असाल तर पाच काढा: रिकामा डबा आतून, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, एक दार लावलेलं, दोन्ही दारं लावून सीलसकट. मागच्या दिवाळीत भाच्याला माझ्या मोबाइलमधले असे फोटो दाखवले. त्यानं शेवटचा मोठा करून पाहिला आणि परत दिला. "मामा, सीलचा नंबर वाचता येत नाही. पोराला सांगा, फ्लॅश बंद कर आणि हात भर मागं हो."